कॉमन प्लॉटमध्ये मुलांसाठी रबर टाइल्स की वाळू? आणि कडुलिंब तोडायचा का?

मांजलपूरकर
आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये लहान मुलांसाठी खेळायची जागा करायची आहे. कमिटीने मागवलेलं कोटेशन असं: सगळ्या प्लॉटवर रंगीत रबर टाइल्स, मध्ये दोन घसरगुंड्यांचा प्लास्टिकचा टॉवर, कंपाउंडच्या भिंतीला लागून दोन झोपाळे. शिवाय कडुलिंबाचं झाड काढायचं, कारण निंबोळ्या पडून टाइल्सवर डाग पडतात. पुढच्या सभेत हे मंजुरीला येणार.

माझा ठाम विरोध आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. अशा उन्हात गडद रंगाचं रबर ६० अंशांच्याही पुढे तापतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाची कातडी पातळ असते, आणि चटका बसला की ते झटकन बाजूला होत नाही, तिथेच बसून रडतं. आहे ती सावली तोडायची आणि वर पैसे मोजून तापणारी जमीन आणायची, याला काय म्हणायचं? झाड राहू द्या, त्याखाली वाळूचा हौद करा, घसरगुंडी एकच आणि बुटकी ठेवा. एवढं लहान मुलांना पुरतं.

अलकापुरीतले काका
ताई, आमच्याकडे वाळूच होती, म्हणून सांगतो. पहिले दोन महिने मुलं खूश. मग मांजरांनी ती आपली जागा करून टाकली. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत राहतात आणि लहान मूल हात तोंडात घालणारच. पावसाळ्यात हौदात पाणी साचलं, डास झाले. शेवटी माळीसुद्धा हात लावीना. वाळू काढून टाकली तेव्हा तक्रार करायला एकही जण आला नाही.

मुलं खाली उतरतात संध्याकाळी सहानंतर. तोवर ऊन उतरलेलं असतं. आणि पडण्याचं काय? खाली पेव्हर ब्लॉक असताना डोक्यावर पडलेलं मूल मी पाहिलंय. रबर घालायचं ते त्यासाठीच. झाड वाचवा, जरूर वाचवा, पण वाळूचा आग्रह सोडा.

टेपवाला
सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये काम करतो, म्हणून वाळू की रबर या वादाआधी दोन मोजमापं सांगतो.

पहिलं, जमीन किती मऊ हवी हे मूल किती उंचावरून पडू शकतं त्यावर ठरतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत ९ इंच वाळू ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला चालते असं दिलंय. तीही भुसभुशीत हवी. दबून घट्ट झाली की तिचा उपयोग गेला, म्हणून खोऱ्याने उकरत राहावी लागते. रबराचंही तेच, उंची वाढली की जाडी वाढवावी लागते. काँक्रीटवर चिकटवलेली पातळ टाइल दिसायला मऊ असते, पण पाच फुटांच्या टॉवरखाली तिचा भरवसा नाही. कोटेशनमध्ये जाडी आणि ती किती उंचीसाठी तपासलीय, हे लिहून मागा. लिहून देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरं, झोपाळे. वरची दांडी जमिनीपासून ८ फुटांवर असेल तर पुढे १६ आणि मागे १६ फूट मोकळी जागा लागते. भिंतीला लागून झोपाळा लावणं म्हणजे उघड धोका, तुमचं कोटेशन इथेच बाद होतं.

आणि टॉवरच्या कठड्यातल्या फटी मोजा. साडेतीन ते नऊ इंचांमधली फट वाईट. मूल पाय घालून खाली सरकतं, अंग निघून जातं आणि डोकं अडकतं. साडेतीनपेक्षा कमी असेल तर अंगच जात नाही, नऊच्या वर असेल तर डोकंही निघतं.

वाघोडिया रोडची आई
सगळं वाचलं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, व्हीलचेअरवर असते. वाळूत चाक रुततं, एक फूटही पुढे जात नाही. मांजलपूरकर, तुमचा हौद झाडाखाली असणार, म्हणजे सगळी मुलं सावलीत आणि माझी मुलगी काठावर उन्हात. म्हणून मी रबराच्या बाजूने आहे. पावसात चिखल होत नाही, खुर्ची सरळ जाते.

लोक म्हणतात, "आपल्या सोसायटीत असं मूल कुठे आहे?" असतं हो. पायऱ्यांमुळे ते खाली येत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. आमच्या बागेच्या दाराशी सहा इंचांची एकच पायरी आहे. तिला रॅम्प करायचा तर एकास बाराच्या उतारानं, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, सहा फूट जागा लागते, बस. तेवढ्यासाठी मी कितीतरी अर्ज दिले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, तो दाखवला की सगळे मान डोलावतात.

गरबाप्रेमी
कुणाचं मन दुखवायचं नाही, पण खरं ते कुणीतरी बोलायला हवं. कॉमन प्लॉट सगळ्यांचा असतो. नवरात्रीत नऊ रात्री तिथे गरबा, लग्नाचा मांडव तिथेच, गणपती तिथेच. मध्ये हौद खणला, रॅम्प बांधला, तर उरलं काय? मेंटेनन्स सगळे भरतात, लहान मुलं मोजक्या घरांत. मोठ्या बागेची हौस कमाटीबागेत भागवा.

वाघोडिया रोडची आई
कमाटीबागेत रविवारी जातो आम्ही. पण मूल रोज खेळतं, आठवड्यातून एकदा नाही. आणि रॅम्प गरब्याला आड येत नाही. गुडघे दुखणाऱ्या तुमच्या सासूबाईही त्यावरूनच गरबा बघायला येतील.

बालवाडीच्या बाई (निवृत्त)
आयुष्य बालवाडीत गेलं, त्या जोरावर सांगते. वाळू सोडू नका. तीन वर्षांच्या मुलाला टॉवरवर चढून घसरण्यात दहा मिनिटं रस असतो. वाळू, पाणी आणि चार डबे दिले की ते तासभर मान वर करत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या होत्या. त्यात मुलांचं काही कमी पडलं नाही.

व्हीलचेअरचं उत्तर माझ्याकडे आहे. सगळी वाळू जमिनीतच का हवी? थोडी उचलून टेबलावर ठेवा. पायावर उभी केलेली उथळ पेटी, खाली गुडघे जातील एवढी जागा, आणि दारापासून तिथपर्यंत चार फूट रुंद पक्की वाट. वाट आणि पेटी दोन्ही झाडाच्या सावलीत. मग ती मुलगी काठावर राहत नाही, बाकीची मुलंच तिच्याभोवती येऊन उभी राहतात. आमच्या वर्गात अगदी असंच झालं होतं. आवाजाने बावरणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी झोपाळ्यांपासून दूर एक आडोसा ठेवा. पाठीला भिंत आणि पुढे आई दिसेल असा.

मांजरांसाठी रात्री जाळी घाला. तळाशी खडी आणि बाजूला निचऱ्याचा पाइप दिला तर पाणी साचत नाही. बांधकामाची बारीक पूड नको, ओरसंग नदीची धुतलेली वाळू घ्या.

अजून दोन गोष्टी, ज्या कोटेशनमध्ये कधीच नसतात. शोभेसाठी कण्हेर आणि बिट्टी लावतात, ती दोन्ही विषारी आहेत. पान, फूल, फळ, सगळंच. मुलांच्या जागेजवळ नकोत. आणि उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, झालं की झाडावर, झोपाळ्यावर अडकलेली पतंगाची दोरी पहिल्या दिवशीच काढा. धावत्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर लोंबणारा मांजा मी माझ्या हाताने कापलाय.

अलकापुरीतले काका
बाई, टेबलाचं पटलं. जमिनीतल्या हौदाचं नाही. जाळी रोज रात्री घालणार कोण? आमच्याकडेही जाळी होती, आठवड्याभरात कोपऱ्यात पडून राहिली. माळ्याला वेगळे पैसे ठरवल्याशिवाय हे चालत नाही, आणि ते सभेत मागितले की सगळे गप्प.

मांजलपूरकर
मग पैसे मागूनच बघते. सभेत ठेवायचं ते असं लिहिलंय: कडुलिंब राहील. टॉवर नको, चार फुटांच्या आतली एक घसरगुंडी, तीही झाडाच्या सावलीत. तिच्याखाली योग्य जाडीचं फिकट रंगाचं रबर, बाकी प्लॉटवर नाही, म्हणजे गरब्याला जमीन मोकळी. दारापासून पक्की वाट, एक वाळूची पेटी, एक छोटा हौद. टॉवरचे वाचलेले पैसे माळ्याच्या वर्षभराच्या कामाला. झोपाळ्याला जागा पुरत नसेल तर झोपाळा नाही.

टेपवाले, पेटीखाली गुडघ्यांसाठी किती उंची सोडू? वाघोडिया रोडच्या ताई, मुलगी खुर्चीत बसलेली असताना जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप कळवाल का? सुताराला उद्याच बोलावलंय.

वाघोडिया रोडची आई
रात्री मोजून कळवते. पण माझ्या एकटीच्या मुलीच्या मापावर करू नका, ती वाढतेय. पेटीचे पाय वर-खाली करता येतील असे करून घ्या.

टेपवाला
पाइपमध्ये पाइप आणि बोल्ट, वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. बोल्टची टोकं आतल्या बाजूला घ्या आणि टोपणं बसवा.