‘इन्सिडन्स’ की ‘प्रिव्हॅलन्स’? संपादकाने शब्द कुठवर बदलावा?

प्रश्न
मी वैद्यकीय विषयांवरील इंग्रजी प्रबंधांचे भाषासंपादन करते. सध्या हाती असलेला प्रबंध गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षयाच्या, एकदाच केलेल्या पाहणीवर आधारलेला आहे. लेखिकेने शीर्षकात ‘प्रिव्हॅलन्स’, निष्कर्षात ‘इन्सिडन्स’ आणि चर्चेच्या प्रकरणात दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरले आहेत. कारण विचारले, तेव्हा ‘तोच तो शब्द वाचायला बरा वाटत नाही’ असे उत्तर मिळाले. ‘शो’, ‘डेमॉन्स्ट्रेट’ आणि ‘सजेस्ट’ ही क्रियापदेही अशीच एकमेकांच्या जागी आली आहेत. हे शब्द मी परस्पर बदलावेत, की लेखिकेचा अधिकार मानून तसेच ठेवावेत?

प्रतिसाद १
पहिली जोडी समानार्थी नाहीच: प्रिव्हॅलन्स म्हणजे एखाद्या वेळी आजार असलेल्यांचे प्रमाण, तर इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात तो नव्याने जडलेल्यांचे. समजा, एका गावातील १,००० प्रौढांपैकी ५० जणांना १ जानेवारीला मधुमेह आहे; त्या दिवसाचा प्रिव्हॅलन्स ५ टक्के झाला. उरलेल्या ९५० जणांपैकी १९ जणांना वर्षभरात तो नव्याने जडला, तर इन्सिडन्स त्या ९५० वरच मोजायचा, म्हणजे तो २ टक्के येतो. एकदाच रक्त तपासले, तर रक्तक्षय नवा की जुना हे कळायला मार्गच नसतो. त्यामुळे तेथे ‘इन्सिडन्स’ हा शब्द चूकच आहे. घोटाळ्याचे मूळ मला आपल्या ‘प्रमाण’ या शब्दात दिसते, कारण बोलताना आपण या दोहोंनाच नव्हे, तर रेट, रेशो आणि प्रपोर्शन यांनाही त्याच एका शब्दात गुंडाळतो. त्यात पुनरुक्ती हा दोष, असे शाळेतल्या निबंधांनी मनावर ठसवलेले असते. पारिभाषिक शब्दाला तो नियम लागू नाही. तो दहा वेळा आला तरी तोच ठेवावा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र दुरुस्ती गुपचूप करू नये. समासात प्रश्न टाकावा, कारण येथे शब्द बदलला की दावाच बदलतो. क्रियापदांनाही हीच कसोटी लावता येईल. लोहाच्या गोळ्या न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय अधिक आढळला, एवढे ‘शो’ने खुशाल सांगावे; पण गोळ्या न घेतल्यामुळेच तो झाला असावा, हे अशा पाहणीतून फार तर ‘सजेस्ट’ होते. तेथे ‘डेमॉन्स्ट्रेट’ आले, तर परीक्षक अडवणारच, आणि ते योग्यही ठरेल.

प्रतिसाद ३
उलट बाजूचा उत्साहही आवरायला हवा. ‘यूज’चे ‘युटिलाइझ’ आणि ‘मेथड’चे ‘मेथडॉलॉजी’ करणारे संपादक मी पाहिले आहेत. पहिल्याने वाक्य उगीच जड होते, दुसऱ्याने अर्थ बिघडतो. ‘एफिकसी’ आणि ‘इफेक्टिव्हनेस’ यांवर मात्र नजर ठेवा. मराठीत दोन्ही ‘परिणामकारकता’ असली, तरी पहिली नियंत्रित चाचणीतली आणि दुसरी रोजच्या दवाखान्यातली असते.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. सर्व ‘इन्सिडन्स’ एका फटक्यात बदलण्याच्या बेतात होते, पण प्रत्येक जागा वाचत गेले, तेव्हा चर्चेत एके ठिकाणी तो अचूक निघाला: तेथे उल्लेखलेल्या अभ्यासात सुरुवातीला रक्तक्षय नसलेल्या स्त्रियांची प्रसूतीपर्यंत पुनःपुन्हा तपासणी झाली होती. तो तसाच ठेवला आहे. बाकीच्या जागी समासात प्रश्न टाकले आहेत.