गरम झाल्यावर इंजिन अचानक बंद, थंड झालं की पुन्हा सुरू: नेमकं काय तपासावं?

प्रश्न
२००३ ची पेट्रोल एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) गाडी, १ लाख ४० हजार किमी. सकाळी पहिल्या सेलला सुरू होते. अर्धा-पाऊण तास चालली की इंजिन एकदम बंद पडतं. सेल जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. १५-२० मिनिटं थांबलं की लगेच सुरू. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरवर दोषाचा कोड नाही. प्लग आणि फ्युएल फिल्टर नवे आहेत. मेकॅनिक फ्युएल पंप बदला म्हणतो. आधी खात्री कशी करून घेऊ?

उत्तर १
पंपाला आत्ता हात लावू नका. गाडी बंद असते ती १५ मिनिटंच कामाची, सुरू झाल्यावर सगळं ठीकच दिसणार. बंद पडते कशी तेही बघा. आधी ओढ कमी होते, झटके बसतात आणि मग बंद पडते, तर संशय पेट्रोलवर. किल्ली फिरवल्यासारखी क्षणात गप्प होते, तर बहुधा विजेचा दोष.

बंद पडली की किल्ली ऑनवर न्या, पण सेल मारू नका. मागच्या सीटखालून साधारण २ सेकंद पंपाची घरघर यायला हवी. मग सेल मारताना आरपीएमचा काटा बघा. २००-३०० पर्यंत हलला तर क्रँक सेन्सरचा (इंजिनचा क्रँकशाफ्ट फिरतोय हे कळवणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल पोहोचतोय. शून्यावरच पडून राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर. काही गाड्यांत सेल मारताना काटा हलतच नाही, म्हणून थंड असताना एकदा बघून ठेवा.

स्पार्क टेस्टर लावूनच तपासा. प्लगची वायर हवेत मोकळी ठेवून सेल मारला तर कॉइल जाऊ शकते.

उत्तर २
कोड नाही म्हणजे क्रँक सेन्सर चांगला असं धरू नका. इंजिन थांबलंय की सिग्नल गेलाय, हे बऱ्याच जुन्या ईसीयूंना (इंजिनच्या कंप्युटरला) कळत नाही.

दोन वायरींचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून ओहम (रेझिस्टन्स) मोजा, एकदा थंड आणि एकदा बंद पडल्या पडल्या. आकडा गाडीगणिक बदलतो, बहुतेक ५०० ते १५०० च्या आसपास. गरम झाल्यावर थोडा वाढणारच, पण मीटर सर्किट तुटल्याचं दाखवत असेल तर आतली तार गेली. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर (याला चालायला बाहेरून वीज लागते) ओहम मोजू नका, त्याला सप्लाय येतोय का आणि सिग्नल वर-खाली होतोय का ते बघा.

उत्तर ३
सेन्सरवर शिक्का मारण्याआधी मेन रिले (इंजिनच्या यंत्रणेला वीज जोडणारा स्विच) उघडा. या वयाच्या गाड्यांत आतल्या सोल्डरला गरमीने तडा जातो. भिंगाखाली पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली तर तोच दोष. पुन्हा सोल्डर केलं तरी चालतं, पण नवा रिले बरा. तात्पुरता दुसरा रिले लावायचा तर नुसता आकार बघू नका, पिनांची रचनाही जुळली पाहिजे.

अर्थिंगही मोजा. सेल मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची वायर काढून टोकं घासा.

प्रश्नकर्ता
आज बंद पडल्यावर सगळं पाहिलं. पंपाचा आवाज आला. काटा शून्यावर, थंड असताना मात्र हलला होता. स्पार्क नाही. दोन वायरींचा सेन्सर, थंड असताना ८८० ओहम, आता मीटर काहीच दाखवत नाही. रिले स्वच्छ आहे.

उत्तर २
मग सेन्सरच. मीटर सेन्सरच्या पिनांवरच धरला होता ना? वायरिंगच्या बाजूने मोजलं असेल तर मधली वायरही तुटलेली असू शकते. काढलेला सेन्सर हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजा. तिथेही सर्किट तुटलं तर शंका उरत नाही.

बसवताना जागा कापडाने पुसा, जुन्याच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो आत पडू देऊ नका. ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावा. बोल्ट सहसा ६ मिमीचा असतो, ८-१० न्यूटन मीटर पुरे, जास्त आवळला तर प्लॅस्टिकचा कान तुटतो. वायर एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि जुन्या क्लिपमध्येच अडकवा.