अनुभव धागा : ‘श्रीमंतीचा विचार करा’ म्हणणाऱ्या सभा आणि आपली घरे

सांजवेळ
काल शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘श्रीमंत मानसिकता’ शिबिराचे निमंत्रण आले आणि धाकटे काका आठवले. ते कापड दुकानात नोकरीला होते. शेजाऱ्यांनी त्यांना साखळी विक्रीच्या एका कंपनीत नेले. दर रविवारी मंगल कार्यालयात सभा असे. एप्रिलच्या उकाड्यातही काका कोट घालून जात, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या मोटारीच्या चित्राकडे पाहून रोज सकाळी ‘ही माझी आहे’ असे म्हणत. पलंगाखाली प्रोटीन पावडरचे डबे साचत गेले, पतपेढीचे कर्ज वाढत गेले. काकूंनी जमाखर्च मांडून दाखवला तेव्हा, ‘तू नकारात्मक बोलतेस म्हणून माल खपत नाही,’ असे उत्तर मिळाले. मला खरा राग आहे तो या शिकवणुकीचा, कारण पैसे बुडाले की ती दोष योजनेला न देता बुडालेल्या माणसाच्या श्रद्धेला देते, आणि मग तो लाजेने तक्रारही करत नाही. आपापले अनुभव लिहावेत.

अबोली
आमच्याकडे दीर होते. त्यांना अशाच साखळीत जोडण्यासाठी नातेवाइकांची यादी करायला सांगितले होते. कर्ज पुढे फिटले, पण त्या यादीतल्या कित्येक घरांशी आजही बोलणे नाही. नणंदेच्या मुलाच्या मुंजीचे साधे आमंत्रणही आले नाही.

खडूफळा
मी गणित शिकवतो. अशा साखळीत प्रत्येकाने आपल्या खाली सहा नवे जण आणायचे ठरवले, तर अकराव्या पायरीला 36 कोटींहून अधिक माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी आहे. शेवटच्या पायरीवरचा माणूस कितीही सकारात्मक असला, तरी त्याच्या खाली आणायला माणसेच उरत नाहीत. एका पालकांना हे मांडून दाखवले, तर ते म्हणाले, “सर, तुमची मानसिकता नोकरदाराची आहे.”

चिंचबन
मला थोडे वेगळे वाटते. आईने शिवणकामावर आम्हा भावंडांना शिकवले आणि ‘होईल सगळे नीट’ हे तिचे पालुपद होते. आशेलाच नावे ठेवू नयेत.

शिरीष
चिंचबन, आईंचे बोलणे आणि त्या सभांतले बोलणे एक नव्हे. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2002 साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरी शोधणारे पदवीधर होते. नोकरी मिळेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांना पुढे अधिक संधी मिळाल्या. पण नोकरी मिळाल्याच्या सुखद कल्पनांत जे अधिक रमले, त्यांना कमी संधी आणि कमी पगार मिळाला. अपेक्षा आजवरच्या अनुभवावर उभी असते आणि आईंच्या आशेला तर रोजच्या शिवणाचा आधार होता. चित्राकडे पाहत बसणाऱ्याला मात्र मनातल्या मनात सगळे मिळून गेलेले असते, त्यामुळे हातपाय हलवण्याची निकडच राहत नाही.

चिंचबन
हे पटले. तिने एकही ऑर्डर कधी उशिरा दिली नाही.

गोदाकाठ
आता मंगल कार्यालयाची जागा मोबाइलने घेतली आहे. भाचा नाशिकला असतो. ‘करोडपतीसारखा विचार करा’ असे वेबिनार ऐकून ऑप्शन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारख्या व्यवहारांत उतरला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये जाहीर केले की फ्युचर्स आणि ऑप्शन्स या अशा व्यवहारांमधील 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तोट्यात होते. मी त्याला हा आकडा पाठवला. ‘उरलेल्या सातांत मी असेन, मामा,’ असे त्याने कळवले. ताई रात्र रात्र जागी असते.

अबोली
गोदाकाठ, ताईंना निदान त्याच्या कोणत्याही कर्जाला जामीन राहू देऊ नका. आम्ही त्यातून गेलो आहोत.

कृष्णाकाठ
वकिलीत अशी प्रकरणे पाहते, म्हणून लिहिते. केवळ माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर 1978 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनुसार विक्रेत्याकडून प्रवेश शुल्क घेता येत नाही. ठेवी बुडाल्या असतील, तर राज्याच्या 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली पोलिसांकडे जाता येते. ग्राहक म्हणून मार्गदर्शन हवे असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारावे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आधी ‘मीच कमी पडलो’ असे म्हणतात आणि त्या भरात पावत्या फाडून टाकलेल्या असतात. त्या फाडू नका, आणि अपलाइनचे, म्हणजे साखळीत तुमच्या वर असलेल्यांचे व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नका.