"फॉर्म भरता येत नसतील तर संस्था बंद करा" म्हणणाऱ्यांसाठी

जुना खजिनदार
परवा छोट्या संस्थांच्या अडचणींवरच्या चर्चेत सरळमार्गी यांनी लिहिलं, "वर्षातून चार फॉर्म भरता येत नसतील तर संस्था बंद करा. समाजसेवा म्हणजे हिशेबातून सूट नव्हे." तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. म्हणून हा वेगळा धागा.

आमचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय. मी एकवीस वर्षं खजिनदार, वय ७१, मानधन शून्य. धर्मादाय कार्यालयात दरवर्षी ऑडिट जातं, विश्वस्त बदलले की बदल अर्ज जातो. (२०१४ साली वारलेले आमचे एक विश्वस्त कागदोपत्री अजून हयात आहेत. अर्ज प्रलंबित.) २०२० च्या वित्त कायद्याने १२ ए ची, म्हणजे संस्थेला आयकरातून सूट देणारी, कायमची नोंदणी काढून घेतली आणि पाच वर्षांची मुदत घातली, तेही निस्तरलं. मग ८० जी साठी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून, १० बीडी हा देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म आला. म्हणजे कोणी वडिलांच्या स्मरणार्थ ५०१ रुपये दिले की आधी त्यांचा पॅनसारखा ओळख क्रमांक मागा, ३१ मेच्या आत पोर्टलवर चढवा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. तिसऱ्या दिवशी देणगी साफ! एका निवृत्त गुरुजींना पॅन मागितला तर त्यांनी पाकीट परत खिशात घातलं. म्हणाले, "देणगी देतोय, कर्ज नाही मागत."

हिशेबाला आम्ही कधीच नाही म्हटलं नाही. पण दोन लाखांच्या संस्थेला आणि दोनशे कोटींच्या संस्थेला एकच चाळण का?

सरळमार्गी
काका, वाक्य माझंच आहे, मागे घेत नाही. का, ते सांगतो. माझ्या आजोबांनी एका मंडळाला वाचनालयासाठी जागा दिली होती. आज तिथे लग्नं लागतात. भाड्याची पावती मागितली तर उत्तर, "विश्वास नाही का आमच्यावर?" तिथलेही सगळे 'मानधन शून्य' वालेच. तुम्ही प्रामाणिक असाल, पण कायद्याला चेहरे ओळखता येत नाहीत.

ताळेबंद
सीए आहे, त्यामुळे दोघांच्याही शिव्या खायला तयार.

काका, दिवसाला २०० बरोबर, पण ते शुल्क ज्या रकमेचं विवरण राहिलं त्या रकमेच्या पुढे जात नाही. शुल्कापुरतं बोलायचं तर देणगी साफ होईल, खिशातून जाणार नाही. (हे सांत्वन आहे का, माहीत नाही.) दुसरं, २०२५ च्या अर्थसंकल्पाने लहान संस्थांची नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची केली. मागच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्याआधीचं उत्पन्न पाच कोटींच्या आत असलं म्हणजे झालं. तुमचं वाचनालय त्यात आरामात बसतं. चाळण एकच आहे, हे आता पूर्ण खरं नाही.

आणि सरळमार्गी, 'चार फॉर्म' म्हणता तेव्हा चुकीची किंमतही लिहा. २०२१ मध्ये नव्याने नोंदलेल्या जुन्या संस्थांना नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. तो राहिला तर १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ११५ टीडी. मालमत्तेची बाजारभावाने किंमत काढा, देणी वजा करा आणि उरलेल्यावर सर्वोच्च दराने कर. भाड्याच्या खोलीतल्या संस्थेला फारसं काही होत नाही, पण आजोबांनी जागा दिलेली संस्था एका अर्जापायी धुऊन निघते. उशीर माफ करायचा अधिकार २०२४ मध्ये आयुक्तांना मिळाला, पण तो अर्ज, ती सुनावणी कोण लढणार? खजिनदार, वय ७१.

वेल्डिंगवाला
संस्थांचं चाललंय तर आमचंही ऐका. संस्थांना निदान सहानुभूती तरी मिळते. आमच्या भल्यासाठी, लहान कारखानदारांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून आयकरात ४३ बी (एच) आणलं ना? करार नसेल तर १५ दिवस, असेल तर फार तर ४५, नाहीतर गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. ऐकून पेढे वाटायचे बाकी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून फोन. "उद्यम नोंदणी रद्द करता का? नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडे." (उद्यम म्हणजे लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, ती नसली की हा नियम लागत नाही.) दुसऱ्याने तर कमालच केली. मार्चमध्ये माल चलनावर नेला आणि म्हणाला, बिल एप्रिलचं द्या. दिलं. काय करणार, राव?

ताळेबंद
मोजणी बिलाच्या तारखेपासून नसते, माल स्वीकारल्यापासून असते. एप्रिलच्या बिलाने काहीही सुटत नाही. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात उशिराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. थकबाकीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

वेल्डिंगवाला
तक्रार टाकली की व्याज मिळेल. ऑर्डर कोण देईल, तुम्ही? निकाल आमच्या बाजूने लागला तरी समोरचा ७५ टक्के भरून कोर्टात जाऊ शकतो, तोवर पोरांचे पगार कुठून करू? आणि संस्थावाल्यांनो, एका शिक्षण संस्थेने माझ्याकडून बाक घेतले, पैसे अकरा महिन्यांनी दिले. वर म्हणाले, "विद्येचं काम आहे."

जुना खजिनदार
अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही हो. आम्हीही कपाटाचे पैसे पाच महिने दिले नव्हते. लाज वाटते, पण खरं आहे.

ताळेबंद
आणि व्याजाचं ते कलम संस्थांनाही लागू होतं, काका. कायद्यात 'खरेदीदार' म्हणजे माल घेणारा कोणीही. ४३ बी चा चिमटा धंद्याच्या उत्पन्नाला बसतो, व्याजाचा कोणालाही.

पत्रा अँगल चॅनेल
थांबा जरा. मी लोखंडाचा व्यापारी. २०२१ पासून आम्हाला उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण व्यापाऱ्याला नाही. का? आमचे पैसे काय झाडाला लागतात? आणि वेल्डिंगवाले, तुमच्या जातकुळीचे दहा जण माझ्या वहीत आहेत. पत्रे नेताना "शेठ, पंधरा दिवसांत", आणि नव्वदाव्या दिवशी फोन बंद. तुमचा गळा कंपनी दाबते, तुम्ही आमचा. मग इथे येऊन रडायचं.

वेल्डिंगवाला
तुम्ही तर उधारीचा भाव वेगळा लावता! रोखीने एक दर, उधारीने किलोमागे चढा. व्याज आधीच कापून घेता आणि वर साधूपणा.

पत्रा अँगल चॅनेल
लावणारच. मला गिरणीवाला आगाऊ पैसे घेऊन माल देतो. तुम्ही नव्वद दिवस वापरता तो पैसा माझ्या बँकेच्या कॅश क्रेडिटचा असतो. आणि तुम्ही माझे पैसे कधी बुडवलेत असं मी म्हटलेलं नाही, टोपी फिट बसली असेल तर तुमची मर्जी.

वेल्डिंगवाला
मागच्या दिवाळीला माझीच दोन बिलं शंभर दिवस लांबली होती. बास? झालं समाधान? पोर्टलवर टाका आता.

आडवाट
इतक्या मारामारीत माझं कोण ऐकणार, तरी लिहिते. आमची पाड्यांवर काम करणारी लहान संस्था. आमचा स्वतःचा एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घ्यायची नोंदणी, कधीच नव्हता. शहरातली मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि परवानगी काढून त्यातला भाग आम्हाला द्यायची. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तो निधी दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक सगळं कायम ठेवलं. आमच्या चार कार्यकर्त्या घरी बसल्या. एकही फॉर्म चुकला नव्हता, सरळमार्गी. भरायला फॉर्मच नव्हता.

सरळमार्गी
मध्यस्थांच्या साखळीत पैसे गळतात म्हणूनच ते केलं असावं.

आडवाट
आमच्याकडे गळायला काय होतं? महिन्याला चार मानधनं आणि एका जीपचं डिझेल. मोठ्या संस्थेची माणसं आता स्वतः येतात, वर्षातून दोनदा, फोटो काढून जातात. भिलोरी येत नाही त्यांना.

सरळमार्गी
ठीक, तुमच्या बाबतीत माझं वाक्य लागू नाही. काकांच्या बाबतीत अर्धं लागू नाही. ती लग्नं लावणारी मंडळी मात्र सगळे फॉर्म वेळेवर भरतात, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि चिडचिड झाली. त्यांचा सीए चांगला आहे म्हणे.

ताळेबंद
मी नव्हे.

सरळमार्गी
तर 'बंद करा' मागे घेतो. 'विलीन करा' म्हणतो. तालुक्यातल्या पाच वाचनालयांचं एक करा, एक सीए, एक ऑडिट. यात तरी कोणाला त्रास आहे?

जुना खजिनदार
आभारी आहे. विलीनीकरणासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ५० अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, आणि तिथे विश्वस्तांचं म्हणणं ऐकून घेतात. आमच्या एका विश्वस्तांचं म्हणणं मिळवायला मला २०१४ मध्ये जावं लागेल. तुम्ही येताय बरोबर?