मदत हवी आहे: एका हाताने आणि आवाजावर डेस्कटॉप चालवायचा आहे (मराठी, विंडोज 10)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे, होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण उजवा हात उचलत नाही. बोलतात स्पष्ट, फक्त सावकाश. मध्येच एखादा शब्द आठवेपर्यंत थांबतात.

नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागाची सगळी जुळणी लिहून ठेवायची त्यांची फार इच्छा आहे. पुठ्ठ्याची कार्डं कशी लावायची, ताण्याचे (उभे) धागे एकाच जागी का तुटतात, आडवा धागा नेणारा धोटा अडकला की आधी कुठे बघायचं. हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. फोनवर बोलून लिहून पाहिलं, पण अक्षर बारीक, आणि काल काय सांगितलं ते वर सरकवून शोधताना ते थकतात. म्हणून घरातला जुना डेस्कटॉप पुसून लावला. पडदा मोठा आहे, त्यांना चष्म्याशिवायही वाचता येतं.

दुकानदाराने सांगितलं होतं की विंडोजमध्ये बोलून चालणारा असिस्टंट असतो, कॉर्टाना नावाचा. तो काही सापडला नाही. विंडोज आणि एच या कळा दाबून बोलून लिहायची सोय उघडली, तिथे मराठी नाही. शेवटी क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून टूल्समधलं व्हॉइस टायपिंग लावलं, भाषा मराठी केली, आणि बाबांचं पहिलं वाक्य पडद्यावर उमटलं तेव्हा ते कितीतरी वेळ त्याकडे बघत बसले.

पण अडचणी आहेत. बाबा आठवायला थांबले की माईक बंद होतो, आणि त्यांना ते कळतच नाही. परवा पाव तास बोलले, लिहिलं गेलं फक्त पहिलं दीड वाक्य. मी संध्याकाळी कामावरून आले तर डोळ्यात पाणी. दुसरं, आम्ही साखर पेठेत राहतो, भिंतीपलीकडे दोन माग सकाळपासून चालू असतात. त्या खटखटीत ‘धोटा’चं ‘छोटा’ होतं, ‘कांडी’चं (धोट्यातली धाग्याची नळी) ‘गाडी’. आणि ‘पूर्णविराम’ म्हटलं की तो शब्दच लिहिला जातो, टिंब येत नाही.

फाइल उघडणं, पान खाली सरकवणं हेही त्यांना कुणाला हाक न मारता जमायला हवं. दिवसभर घरी आईच असते आणि तिने माउसला कधी हात लावलेला नाही. मशीनमध्ये चौथ्या पिढीचा, म्हणजे जुना, आय3 प्रोसेसर आहे, नवीन घेणं सध्या शक्य नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:

ताई, कॉर्टाना शोधू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं ते ॲप 2023 मध्येच बंद केलं, आणि मराठी त्याला कधीच येत नव्हती. विंडोज 11 मध्ये बोलून मशीन चालवायची व्हॉइस ॲक्सेस म्हणून चांगली सोय आहे, पण तुमचा प्रोसेसर त्या विंडोजच्या अटीत बसत नाही. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्टही, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा त्या मशीनवर बँकेची कामं करू नका.

आहे त्यातच दोन कामं वेगळी करा. लिहिणं मराठीत डॉक्सवर, आणि हुकूम इंग्रजीत. कंट्रोल पॅनेलमध्ये स्पीच रेकग्निशन आहे, ते ‘ओपन’, ‘स्क्रोल डाउन’ असे हुकूम ऐकतं. ‘शो नंबर्स’ म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आकडा येतो, तो आकडा बोलायचा. पाच-सात शब्द पाठ केले की भागतं. मात्र दोन्ही एकाच वेळी ऐकत ठेवू नका, गोंधळ होतो.

माईक बंद पडण्यावर उपाय डाव्या हातातच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की डॉक्सचा माईक पुन्हा सुरू होतो, आणि तिन्ही कळा कीबोर्डच्या डाव्या बाजूलाच आहेत. एकदम दाबायला जड गेलं तर शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा, मग एकामागून एक दाबल्या तरी चालतात. माईकचं चित्र लाल असेल तरच ऐकतोय, एवढं बाबांना दाखवून ठेवा.

पूर्णविराम त्यांना खुशाल बोलू द्या. रात्री कंट्रोल आणि एच दाबून तो शब्द शोधून एका फटक्यात टिंबाने बदला. ‘छोटा’ मात्र सरसकट बदलू नका, खरा छोटा पण धोटा होईल.

दुसरा प्रतिसाद:

मागाच्या आवाजासाठी माझं ऐका. तेच डॉक्स फोनवरही उघडा, फोन बाबांच्या तोंडाजवळ स्टँडवर ठेवा आणि जीबोर्डच्या (गूगलच्या फोनमधल्या कीबोर्डच्या) माईकवर मराठीत बोलू द्या. अक्षरं समोरच्या मोठ्या पडद्यावर येत राहतात. माझ्या सासूबाई असंच लिहितात. फोन नको असेल तर ओठाजवळ येणारा माईक असलेला हेडफोन घ्या.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. तीन कळांवर लाल टिकल्या चिकटवल्या. आज दुपारी फोन स्टँडवर लावून बाबांनी एकट्याने पाऊण पान लिहिलं, बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) चढवण्यापासून सुरुवात केली आहे. माईक चार वेळा थांबला, चारही वेळा त्यांनीच चालू केला.

एक राहिलं. ‘शो नंबर्स’ त्यांच्या तोंडून ‘सो नंबर’ निघतं आणि मशीन ऐकत नाही. स्पीच रेकग्निशनला त्यांचा आवाज शिकवायचा तर इंग्रजी वाक्यं वाचावी लागतात, ती त्यांना वाचता येत नाहीत. मी एकेक शब्द पुढे सांगून त्यांच्याकडून म्हणून घेतलं तर चालेल का? कुणी असं केलंय?