वाइनच्या द्राक्षाला ताण: सेटिंगनंतर (मणी धरल्यावर) पाणी निम्म्यावर आणायचे का?

माळरान
कोल्हापुरात पाण्यावर चर्चा निघाली की ती उसापाशी जाऊन थांबते. जरा पूर्वेकडे बघू. गगनबावड्यात पाच हजार मिमीच्या पुढे पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि कवठेमहांकाळ-जतकडे तर भरवसाच नाही. आळत्याच्या माळापासून जतपर्यंतच्या या पट्ट्यात वाइनची द्राक्षे लावणाऱ्यांना सांगणे एवढेच: खाण्याच्या द्राक्षाचे वेळापत्रक वाइनच्या बागेत चालवू नका.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या वेळापत्रकात फळछाटणीनंतर ५६ ते १०५ दिवस, म्हणजे मणीवाढीच्या काळात, प्रति मिमी बाष्पीभवनाला हेक्टरी ४२०० लिटर पाणी आहे. खाण्याच्या थॉम्पसनचा मणी फुगवायचा असतो, तिथे ते बरोबरच. कॅबरने सोव्हिन्यो किंवा शिराझमध्ये रंग आणि टॅनिन सालीत असते. मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून लाल जातींना सेटिंगपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरू लागेपर्यंत, २१०० लिटर द्यावे, आणि पाणी उतरायला लागले की २८०० ते ३००० वर आणावे. फुलोऱ्यात मात्र वेल कोमेजू द्यायची नाही, नाहीतर गळ ठरलेली.

८ बाय ४ फुटांवर एकरी १३६१ वेली बसतात. बाष्पीभवन ५ मिमी धरले तर ४२०० ने वेलीला रोज सव्वासहा लिटर, निम्म्याने तीन लिटरच्या जरा वर. १६ मिमी इनलाइन, ६० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल तर वेलीला दोन ड्रिपर येतात. म्हणजे ९४ मिनिटांचे ४७ करायचे. यात न जमण्यासारखे काय आहे?

मळीकाठ
हिशोब बिनचूक, सल्ला अर्धाच. यात जमीन कुठे आहे?

४५ सेंमी मुरमाड घ्या. वेलीला उचलता येईल असे पाणी अशा जमिनीत साधारण ८ टक्के, म्हणजे ३६ मिमी. ड्रिपने ८ फुटांच्या ओळीत जेमतेम पाऊण मीटरचा पट्टा भिजतो, म्हणजे एक तृतीयांश. हातात राहिले १२ मिमी. तुमच्या पूर्ण मात्रेने वेलीची रोजची गरज २.१ मिमी. निम्मेच दिले तर रोज १ मिमीची तूट. सहाव्या दिवशी साठा अर्धा, बाराव्या दिवशी कोरडा. आणि तुम्ही हे चालवणार पाच आठवडे! खालची पाने पिवळी पडून गळतात, घड उघडे पडतात, दुपारच्या उन्हाची बाजू भाजते.

आता नदीकडची काळी घ्या. ९० सेंमी खोल, १८ टक्के, म्हणजे १६० मिमी. पावसाळा संपताना ती सगळी भरलेली असते, आणि वेलीची मुळे फक्त ड्रिपरखाली बसत नाहीत. रोज १ मिमीच्या तुटीने हा साठा पाच महिने पुरेल. तोवर काढणी उरकलेली असते. तिथे पाणी निम्म्यावर आणा नाहीतर सहा आठवडे बंद ठेवा, वेलीला पत्ताही लागत नाही. शेंडा पळतच राहतो.

एकच सूचना, एका शिवारात बाग जाळते आणि दुसऱ्यात काहीच करत नाही. काळ्या जमिनीत ताण हवाच असेल तर दोन ओळींमध्ये ज्वारी किंवा मका दाट पेरा, ओल त्यांना ओढू द्या आणि सेटिंगच्या सुमारास कापून तिथेच आच्छादन करा. वाल्व्ह बंद करून तिथे काही साधणार नाही.

लॅटरल
दोघेही धरून चालला आहात की ड्रिपर लिहिल्याप्रमाणेच पाणी देतो. ताशी २ लिटर म्हणजे ३ मिनिटांत १०० मिली. ओळीच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटी ड्रिपरखाली वाटी ठेवून मोजा. फरक १० टक्क्यांच्या आत हवा. बोअरच्या चुनखडीच्या पाण्यावर चाललेल्या जुन्या संचात शेवटी ७० मिली मिळणे नवल नाही. पूर्ण पाणी देताना ही चूक झाकली जाते. निम्म्यावर आणले की शेवटच्या वेलीला निम्मे नाही, ३५ टक्केच मिळते. मग बागेत एकाच दिवशी एका टोकाला हिरवे कच्चे मणी आणि दुसऱ्या टोकाला सुरकुतलेले.

ताणाआधी आम्लप्रक्रिया करून घ्या. बादलीत मोजून पाणी घ्यायचे, सामू (पीएच) ४ वर येईपर्यंत आम्ल थेंबाथेंबाने टाकायचे, त्यावरून संचाची मात्रा काढायची. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. शेवटच्या ड्रिपरला लिटमस बदलला की पंप बंद, रात्रभर तसेच, सकाळी एंड कॅप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत लॅटरल धुवायच्या. आणि कॅल्शियम नायट्रेट सोडल्यावर लगेच फॉस्फेट किंवा सल्फेटचे खत सोडू नका, नळीत चुन्याचा गाळ बसतो.

पाचट
आवो माळरानभाऊ, मणी ल्हान केला की वजन बी ल्हान हुतंय की! पैसं मिळत्यात किलोवर. सालीतला रंग वायनरीचा आणि घटल्यालं टन शेतकऱ्याचं, ह्यो कुठला न्याय? करारात ब्रिक्सवर (रसातल्या साखरंवर), रंगावर जादा दर लिहून घेतल्याबिगर पाण्याला हात लावू नये, ह्ये माझं मत.

आनि पाणी वाचवायचंच हाय तर आधी जमीन झाका. उसाचं पाचट हितं फुकाट जळतंय. बोदावर चार-सहा बोटं जाड थर टाका. तेवढं बी न करता वेलीला उपाशी ठिवायची घाई कशापायी?

माळरान
पाचटराव, कराराचा मुद्दा मान्य. किलोला एकच दर असेल तर ताण देणे म्हणजे दुसऱ्याचे काम फुकट करणे. पाचटही मान्य, पण नळी त्याच्या वर ठेवा. खाली गाडली गेली की उंदीर कुरतडतात आणि गळती दिसतही नाही.

मळीकाठ, मुरमाडाचे पटले. तिथे ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, आणि दिवसाआड न देता रोज द्यावे. पण 'ताण नकोच' असे म्हणत असाल तर विरोध आहे. वेल स्वतः सांगते. काडीच्या टोकाकडची पूर्ण उघडलेली शेवटची दोन पाने वर दुमडून शेंड्याशी धरा. शेंडा पानांच्या वर डोकावला तर वाढ जोरात, पानांनी शेंडा झाकला तर वाढ मंदावली, टोक वाळून पडले तर वाढ थांबली. पन्नास शेंडे बघायला अर्धा तास पुरतो. सेटिंगनंतर बहुतेक शेंडे 'झाकलेल्या' अवस्थेत यावेत आणि पाणी उतरताना थांबलेले असावेत. याला मिनिटांचे कोष्टक लागत नाही.

मळीकाठ
ताण नको असे म्हटलेले नाही, कॅलेंडरवरून नको एवढेच. आणि ही शेंड्याची परीक्षा आपल्याकडे निम्म्या बागांत चालणारच नाही. आपल्याकडे १२-१४ पानांवर शेंडा मारतात! जो शेंडा कात्रीने उडवला त्याला काय विचारणार? त्यासाठी बागेत पाच-सहा ठिकाणी चार-चार काड्या चिंधी बांधून न मारता सोडाव्या लागतील. नाहीतर बगलफूट बघा. शेंडा मारल्यावर ती आठवडाभरात बोटभर निघाली तर पाणी भरपूर आहे.

मोजायचेच असेल तर दाबपात्र. सावलीतले निरोगी पान दुपारी बाराच्या आधी चांदीच्या कागदाच्या पिशवीत बंद करायचे, तासाभराने देठ ब्लेडने एका घावात कापायचा, पात्रात बसवून नायट्रोजन हळूहळू सोडायचा. कापावर रस चमकला की आकडा वाचायचा. १० ते १२ बार म्हणजे लाल जातीला हवा तेवढा ताण. १४ च्या पुढे गेले तर त्याच दिवशी पाणी. देठ दोनदा कापला किंवा गॅस घाईने सोडला तर आकडा खोटा येतो.

पिंपवाला
तळघराच्या, म्हणजे वायनरीच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली: ताण जास्त झाला की ब्रिक्स वाढतो आणि बागायतदार खूश होतो. तो पिकण्याचा ब्रिक्स असतोच असे नाही. दर आठवड्याला त्याच ओळींतून १०० मणी तोडून वजन करा. समजा १०० मण्यांचे वजन १२० ग्रॅम आणि ब्रिक्स २२, तर साखर सुमारे २६.४ ग्रॅम. पुढच्या आठवड्यात वजन १०८, ब्रिक्स २४, तर साखर २५.९. म्हणजे वेलीने साखर बनवली नाही, मण्यातले पाणी उडाले. अशा मालात बी हिरवी, टॅनिन तुरट, आणि वजनही गेले. पाणी उतरल्यानंतरही काहीजण 'साखर पातळ होईल' म्हणून पाणी तोडतात, ते इथेच फसतात. त्या अवस्थेत मण्याला पाणी मुख्यतः साखर आणणाऱ्या वाहिन्यांतूनच येते, रोजच्या बेताच्या पाण्याने रस पातळ होत नाही. दहा दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर सोडले तर मात्र साली फुटतात.

दुसरी: रसाचा सामू. जास्त पाण्याने पाला दाट होतो, घड सावलीत जातात, पोटॅश मण्यात उतरते, सामू चढतो. त्यात कलमाखाली डॉगरिज खुंट असेल तर आणखी, कारण तो पोटॅश ओढण्यात पटाईत. सामू ३.२ असताना वाइन सांभाळायला लिटरला साधारण २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.८ ला तेवढ्याच संरक्षणाला ८० लागतो. त्यामुळे लाल जातींना थोडा ताण हवाच. सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातींना नको, त्यांचा सुवास आणि आंबटपणा उघड्या घडात टिकत नाही.

आडवाट
मग पाणी द्यावेच कशाला? स्पेनच्या ला मांचात शतकानुशतके कोरडवाहू द्राक्ष आहे. डॉगरिज-बिगरिज काढा, ११०-आर खुंट लावा, मुळे खोल जाऊ द्या.

मळीकाठ
११०-आर हलक्या जमिनीला जरूर लावा, पण ला मांचाची नक्कल इथे होत नाही. तिथल्या झुडपी वेली अडीच-अडीच मीटरवर, हेक्टरी सोळाशे. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, त्या काळातला पाऊस जमिनीत साठतो, आणि उठल्यावर ती तो पिते. आपली वेल झोपतच नाही. पाऊस पडतो तेव्हा काडी पिकत असते, आणि पाऊस संपल्यावर घड धरायचा. वर एप्रिलची खरडछाटणी आहेच.

सगळी चर्चा नोव्हेंबर-डिसेंबरवर चालली आहे, पाण्याची खरी ओढ लागते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा बाष्पीभवन १० मिमीच्या घरात असते. छाटणीनंतर पहिले ४० दिवस पाणी कमी पडले तर फूट मागेपुढे होते, काडी बारीक राहते आणि पुढच्या हंगामाचे घड तिथेच गेले. १० मिमीला ४२०० ने एकरी रोज १७ हजार लिटर, ४० दिवसांचे ६ लाख ८० हजार. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या उतरत्या कडांच्या शेततळ्यात काठोकाठ २१ लाख ९६ हजार लिटर मावते, त्यातले मेपर्यंत किती उरते ते बाष्पीभवनाला विचारा. म्हैसाळ उपसा योजनेच्या आवर्तनावर भिस्त असेल तर आधी मेचे पाणी बाजूला काढा आणि मग ताणाची चैन करा.

डावखुरा_शिरोळ
क्षारांचे कुणीच बोलेना. शिरोळ तालुक्यात क्षारपड कशी होते हे वेगळे सांगायला नको, तिथे अतिपाण्याने झाली. कमी पाण्याने वेगळ्या वाटेने तेच होते. द्राक्षाला पाण्याची ईसी (क्षारांचे माप) १ पर्यंत चालते, मुळांजवळच्या मातीची दीडच्या पुढे गेली की उत्पादन ईसीच्या दर अंकाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटते. १.५ ईसीचे बोअरचे पाणी असेल तर १०-१५ टक्के जास्त पाणी क्षार खाली ढकलायला लागते. तुम्ही निम्मे देता तेव्हा हे ढकलणे बंद होते. क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला पांढरे रिंगण करून बसतात, ते डोळ्यांनी दिसते. पानांच्या कडा करपल्या की लोक पोटॅशची कमतरता समजून पोटॅशच सोडतात, म्हणजे आगीत तेल.

माळरान
हे माझ्या मांडणीत नव्हते, घ्यायला हवे. म्हणजे ईसी १ च्या वर असेल तर निम्म्याचा नियम बाद, ७० टक्के आणि वर क्षारांचा वाटा. काळ्या जमिनीत नियमाचा उपयोग नाही. उरली मध्यम खोलीची, गोड्या पाण्याची, लाल जातीची बाग. तिथे माझे मत कायम.

पाचट
म्हंजे तालुक्यात धा बागा!

डावखुरा_शिरोळ
त्या दहांनाही एक. जानेवारीत अवकाळी आला की लोक पहिला थेंब पडताच पंप बंद करतात. उलट करा. हलक्या सरीने ते पांढरे रिंगण विरघळून थेट मुळांत येते. १०-१५ मिमीपर्यंतच्या पावसात ड्रिप चालूच ठेवायचे, पाऊस थांबल्यावरही तासभर.