चेलोच्या तारा: अख्खा संच एकाचाच, की वरच्या एकाच्या नि खालच्या दुसऱ्याच्या?

मंद्रसप्तक
आज भांडायलाच आलोय, आधीच सांगतो.

चेलोच्या तारा बदलायच्या म्हटलं की ज्याला विचारावं तो एकच मंत्र म्हणतो: वरच्या दोन, ए आणि डी, लार्सन कंपनीच्या; खालच्या दोन, जी आणि सी, स्पिरोकोर बनावटीच्या टंगस्टन, विषय संपला. मीही मुकाट ऐकलं, चारही तारा लावल्या. आज तीन महिने झाले आणि माझं मत बनलंय की हे मिश्रण म्हणजे निव्वळ ऐकीव शहाणपण.

तक्रार नेमकी अशी. मोकळ्या सीपासून सावकाश वर चढत जा. सी झकास, गज टेकताच हुंकारते. जी तिचीच सख्खी बहीण. तिथून डीवर पाऊल टाकलं की एकदम दुसराच माणूस गायला लागतो. खाली आवाजाला कंगोरे, धातूची चमक. वर सगळं गोल, मऊ, जरासं झाकलेलं. कानाचं सोडा, उजव्या हाताचे हाल बघा. जीवर जेवढा दाब लागतो तेवढाच डीवर दिला तर सूर चेपतो, आणि डीच्या बेताने जीवर आलो तर ती नुसती खरखरते. एक साधं वाक्य वाजवताना मधल्या सीमेवर दरवेळी पासपोर्ट दाखवल्यासारखं वाटतं.

संच बनवणारे ताण, जाडी, गाभा, वरचं वेष्टन या सगळ्याचा मेळ बसवूनच चार तारा एका पाकिटात घालतात ना? मग आपण कोण टिकोजीराव तो मोडणारे? माझं म्हणणं: एकाच बनावटीचा पूर्ण संच लावा आणि रियाजाला बसा. काढा आता तलवारी.

चौथी_पोझिशन
काढली. मी तेरा वर्षं हेच मिश्रण वाजवतोय आणि मला तुमची ती सीमा आजवर दिसलेली नाही. जीवरून डीवर जाताना गजाचा दाब बदलावा लागतो ही तारेची खोड नाही, ते आपलं काम आहे. कुठल्याही संचात ते करावंच लागतं. राग मानू नका, पण नाचता येईना अंगण वाकडं.

आणि हे मिश्रण कुणी गंमत म्हणून शोधलं नाही. स्पिरोकोरचा गाभा बारीक पोलादी तारांच्या पिळाचा, दोरखंडासारखा. खालच्या तारांना त्याने जो ठाव आणि जी स्पष्टता येते ती इतर ठिकाणी क्वचित मिळते. पण त्याच संचाची ए पुष्कळ चेलोंवर कानात सुई टोचल्यासारखी लागते. म्हणून लोकांनी वर दुसरं काही लावून पाहिलं. लार्सनच्या आधी हीच जागा जार्गरकडे होती, अजूनही कित्येकांकडे आहे. व्हिएन्नाच्या खालच्या तारा आणि डेन्मार्कच्या वरच्या, ही सोयरीक जुनी आहे हो.

मंद्रसप्तक
@चौथी_पोझिशन, सोयरीक जुनी असली म्हणून नांदतेच असं थोडंच आहे!

रंधा_आणि_सरस
वाद्यदुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे थोडं लांबेल.

मंद्रसप्तक, संच बनवणाऱ्याने मेळ बसवलाय हे खरं. पण तो तुमच्या चेलोवर बसवलेला नाही. त्याने सरासरी चेलो डोळ्यापुढे ठेवला, आणि सरासरी चेलो मी अजून पाहिलेला नाही.

दुसरं, एका पाकिटातल्या चार तारा एकाच जातीच्या असतात हा समज. ए २२० हर्ट्झवर लागते, सी साधारण ६५.४ वर. लांबी तीच, घोडीपासून वरच्या टोकापर्यंत जेमतेम ६९ सेंटिमीटर. ताण समजा सारखा ठेवला, तर दर सेंटिमीटरला सीचं वजन एच्या अकरा पटींहून जास्त हवं. हे वजन आणायचं कुठून? नुसती जाडी वाढवली तर तार काठीसारखी ताठ होते, बोलायला वेळ लावते, ओव्हरटोन (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) बेसूर होतात. म्हणून गाभा लवचीक ठेवायचा आणि वर जड धातू गुंडाळायचा. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन आठ ग्रॅमच्या आत, चांदीचं साडेदहा, टंगस्टनचं एकोणीसच्या वर. टंगस्टनची सी बारीक असते आणि पटकन बोलते ती यामुळे. उलट एला वजनाची गरजच नाही, म्हणून बऱ्याच संचांत तिचा गाभा सरळ एकसंध पोलादी तारेचा असतो आणि सीचा पिळाचा. म्हणजे वेष्टनावर नाव एक, आत प्रकृती दोन. तुम्ही ज्याला मिश्रण म्हणता ते कारखान्यातच झालेलं असतं.

आता माझे प्रश्न. तारा लावल्यावर घोडी पाहिलीत का? टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याच्या) बाजूचा तिचा चेहरा पोटाशी, म्हणजे पेटीच्या पुढच्या फळीशी, काटकोनात आहे की पुढे झुकलाय? आणि आधी तारा कोणत्या होत्या, किती ताणाच्या?

तातडीचा_माणूस
सगळे पोलादातच अडकलेत, म्हणून तातीच्या वतीने हजेरी लावतो.

आतड्याच्या तातीवर धातूची तार गुंडाळायची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. त्याआधी खर्जासाठी ताती इतक्या जाड लागायच्या की वाद्यच मोठं करावं लागे. गुंडाळलेली तात आली आणि लहान अंगाचा चेलो शक्य झाला. तेव्हा तार वाद्यामागून येते हे विसरा, इथे वाद्य तारेमागून आलंय.

मी युडोक्सा वाजवतो. आत तात, वर धातू. पोलादाइतकी मोठ्याने बोलत नाही, हे कबूल. पण एका सुरात जितक्या छटा निघतात तितक्या मला पोलादावर कधी काढता आल्या नाहीत. चौघींचा स्वभावही एकच, तुमची सीमारेषा औषधाला सापडायची नाही.

चौथी_पोझिशन
आणि हवेत जरा दमटपणा आला की सूर लावता लावता कार्यक्रम संपतो, तेही सांगा की!

तातडीचा_माणूस
सांगतो ना. तात हवेतली ओल पिते आणि सुरातून उतरते. नवी तात पहिले काही दिवस तर सारखी खुंटी पिळायला लावते. फाइन ट्यूनरचा (टेलपीसवरच्या बारीक सूर लावायच्या स्क्रूचा) उपयोग नाही, सगळं खुंटीवर, म्हणजे खुंट्या लोण्यासारख्या फिरायला हव्यात. ताण कमी, त्यामुळे तार जास्त झुलते, घोडी थोडी उंच लागते. गज दाबून आवाज काढायची सवय असेल तर तात तोंडच उघडत नाही. हे सगळं मान्य करूनही मी परत पोलादाकडे गेलेलो नाही.

उशिरा_शिकणारी
मी चाळिशीत चेलो हातात घेतला, त्यामुळे अधिकारवाणी नाही. पण एक प्रयोग केलाय, तो सांगते.

मला माझी ए फार कर्कश वाटायची. सरांना म्हटलं, बदलू या. ते म्हणाले, थांबा. त्यांनी माझा चेलो घेतला, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि वाजवलं. मला तो कर्कशपणा ऐकूच येईना! मग त्यांनी एक जुनी मऊशी ए लावून तेच वाजवलं. माझ्या कानाशी ती फार गोड वाटायची, पण लांबून ऐकताना सूर खोलीच्या मध्यापर्यंत येऊन बसकण मारत होता. वाजवणाऱ्याच्या डाव्या कानापासून तार वीतभर अंतरावर, तिथे जे खरखरीत वाटतं तेच लांबवर जाऊन स्पष्टपणा होतं, असं ते म्हणाले. ए बदलली नाही.

मंद्रसप्तक दादा, तुमची ती सीमा दहा पावलांवरून कुणी ऐकून पाहिली आहे का?

मंद्रसप्तक
@उशिरा_शिकणारी, नाही. आणि हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पण ताई, हाताला जाणवतं त्याचं काय? ते तर भिंतीकडे तोंड करून जात नाही.

@रंधा_आणि_सरस, घोडी पाहिली. तुम्ही ज्योतिषी आहात का? बोटं ठेवायच्या पट्टीकडे चांगली झुकली आहे, बोटभर नाही पण डोळ्याला दिसेल इतकी. आधी साधा सौम्य ताणाचा संच होता. आता खालच्या दोन्ही श्टार्क, म्हणजे जास्त ताणाच्या, आहेत. जास्त ताण म्हणजे जास्त आवाज, या हिशेबाने घेतल्या.

रंधा_आणि_सरस
सापडलं बरंचसं.

एक. खुंटीने तार ताणली की ती घोडीच्या माथ्याला पट्टीकडे ओढते. चार नव्या तारा लावल्या, पाच-सहा दिवस रोज सूर चढवला, दरवेळी घोडी केसभर पुढे. पाय पोटावर नीट टेकत नाहीत आणि आवाजाचा निम्मा जीव तिथेच जातो. तार ढिली करून, दोन्ही हातांच्या बोटांत घोडी धरून, माथा हळूच मागे आणायचा. भीती वाटत असेल तर जाणत्याकडून करून घ्या. खाचांत शिसपेन्सिल फिरवा म्हणजे तार अडकणार नाही. तारा एकेक करूनच बदलल्या होत्या ना? चारही एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट (पुढच्या-मागच्या फळ्यांमध्ये उभी असलेली दांडी) पडू शकतो, मग वेगळीच रामकहाणी.

दोन. चार तारांचा मिळून ताण पन्नास किलोच्या वर असतो. वाइख, मिट्टेल, श्टार्क (सौम्य, मध्यम, जास्त ताण) ही चढती भाजणी म्हणजे आवाजाची बटणं नाहीत. काही चेलो जास्त ताणाखाली उघडतात, काहींचं पोट आवळलं जातं आणि आवाज उलट आक्रसतो. तुम्ही वर मध्यम ताणाच्या लावल्या असणार, खाली श्टार्क. तुमच्या सीमेवरचा पासपोर्ट तिथे मागतायत. भांडण लार्सन आणि स्पिरोकोरचं नाही, मध्यम आणि श्टार्कचं आहे.

तीन. जीवर वर गेल्यावर एफच्या आसपास सूर घोगरा होऊन थरथरतो का?

मंद्रसप्तक
एफ आणि एफ शार्पच्या मध्ये. हा लांडगा (अशा घोगऱ्या सुराला आम्ही तेच म्हणतो) पूर्वीही होता, पण आता कळपाने आलाय.

रंधा_आणि_सरस
येणारच. चेलोच्या पेटीचा स्वतःचा एक जोरदार कंप साधारण तिथेच असतो, एफ म्हणजे सुमारे १७५ हर्ट्झ. तार जितकी जड आणि ताठ तितकी तिची पेटीशी झोंबाझोंबी जास्त. जी मिट्टेल किंवा वाइख करा. तरीही उरला तर घोडीच्या खालच्या बाजूला जीवर पितळी नळीचा एलिमिनेटर बसवून मागेपुढे सरकवत जागा शोधायची. पण आधी तार.

चौथी_पोझिशन
मी मघाशी अंगणाचं बोललो ते मागे घेतो. अंगण खरंच वाकडं निघालं!

पण मूळ मुद्दा सोडत नाही. श्टार्क लावून चेलो आवळायचा आणि मग मिश्रणाला नावं ठेवायची, हे बरोबर नाही.

पडीक_वाचक
मध्येच शिरतो. मंद्रसप्तक, ए आणि डी पण तीन महिन्यांच्याच आहेत की जुन्या? एक सोपी परीक्षा: दोन शेजारच्या तारा मोकळ्या असताना पंचमात चोख लावा. मग बोट आडवं टाकून दोन्ही एकदम दाबा आणि वाजवा. पट्टीवर जसजसे वर जाल तसा पंचम बिघडत गेला तर दोघींपैकी एक तार खोटी झालीय. ती संचातली असो की मिश्रणातली, फेकायची. ए सगळ्यात आधी म्हातारी होते, सी सगळ्यात शेवटी. या एका कारणानेही पूर्ण संच मला पटत नाही. ए मेली म्हणून ठणठणीत सी काढून टाकायची?

मंद्रसप्तक
ए-डी नव्याच, पंचम चोख. आणि हो, ए मेल्यावर सी काढा असं मी कुठे म्हटलं? ए त्याच बनावटीची लावा म्हटलं. शब्द तोंडात कोंबू नका.

कोरा_कागद
एक छोटी भर. संगीतकार कोदायची एकट्या चेलोसाठीची सोलो सोनाटा, ओपस ८, वाजवायची असेल तर खालच्या दोन्ही तारा अर्ध्या सुराने उतरवाव्या लागतात, जीचा एफ शार्प आणि सीचा बी. तिथे वाइख तारा लोळागोळा होतात. श्टार्क अगदीच निरुपयोगी नाही.

रंधा_आणि_सरस
बरोबर. पण मंद्रसप्तक कोदाय वाजवतात का?

मंद्रसप्तक
मंद्रसप्तक अजून बाखच्या पहिल्या स्वीटमधला मिन्युएट वाजवतात. धन्यवाद.

मंद्रसप्तक (तीन आठवड्यांनी)
हिशेब द्यायला आलो. घोडी सरळ करून घेतली. जी श्टार्क काढून मिट्टेल लावली, सी तशीच ठेवली. लांडगा गेला नाही पण एकटा उरलाय, आणि गुडघ्याने पेटी जरा दाबली की गप्प बसतो. जीवरून डीवर जाताना हात आता अडखळत नाही. बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि विचारलं, तार कुठे बदलली ते सांग. सहापैकी एकदाच बरोबर सांगितलं, तेही म्हणे मी श्वास घेतला ते ऐकू आलं म्हणून.

तरी वाद सोडलेला नाही. कानाशी अजून दोन आवाज ऐकू येतात, कमी झालेत इतकंच. आता खालच्या दोन आहेत त्याच बनावटीची डी लावून पाहणार आहे.

चौथी_पोझिशन
म्हणजे तीन एकीच्या आणि एक दुसरीची. याला आमच्यात मिश्रण म्हणतात.

मंद्रसप्तक
याला आमच्यात अपूर्ण संच म्हणतात.

उशिरा_शिकणारी
दादा, ती काढलेली श्टार्क जी टाकून नका देऊ. गुंडाळताना घट्ट वेटोळं करू नका, मोठं गोल ठेवा, म्हणजे वरचं वेष्टन सुटणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकजण कोदाय बसवतोय.